बेट्ट बुडालं, बेट झालं

"उद्या आम्ही बेटावर चाललोय, येतोस का?" एवढंच माझ्या भाचीने खालच्या मजल्यावरच्या मित्राला विचारलं. तो लगेच हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला स्वारी हुबळीच्या विद्यानगरातल्या आमच्या गल्लीत हजर! पायात डोंगर चढायचे जाड बूट, हातात काठी, डोक्याला माकडटोपी. पोहायचे कपडे? एकही नाही.

चूक कुणाचीच नव्हती. तो घरी कन्नड बोलतो, आम्ही मराठी. मराठीत बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन. कन्नडमध्ये बेट्ट म्हणजे डोंगर. आमच्या घरापासून जवळच नृपतुंग बेट्ट आहे, हुबळीकर संध्याकाळी तिथे वारा खायला जातात. याला वाटलं, तसलंच एखादं मोठं बेट्ट चढायचं असणार. भाची गाडीत बसल्यावरही पोट धरून हसत होती.

"हसू नकोस," मी म्हटलं. "वीस हजार वर्षं आधी निघालो असतो, तर त्याचेच बूट बरोबर ठरले असते."

दोघंही गप्प. मग एकदम, "म्हणजे काय, मामा?"

सांगतो. पण आधी कुठे चाललो होतो ते ऐका. मुरुडेश्वरला. हुबळीहून दोनशेच्या आसपास किलोमीटर. समुद्राकाठी बसलेली शंकराची ती १२३ फुटी मूर्ती फोटोत तरी पाहिली असेलच. तिथून समुद्रात साधारण १९ किलोमीटर आत नेत्राणी नावाचं एक बेट आहे. आकाशातून पाहिलं तर बदामाच्या आकाराचं दिसतं. त्याच्या भोवतीच्या पाण्यात डोकं बुडवायला देशभरातून माणसं येतात, आणि आपण हुबळीवाले इतक्या जवळ राहून मे महिन्यात घरात पंख्याखाली लोळतो!

आता तुम्हाला एक गंमत सांगतो, जी विद्यानगरमधल्या किती जणांना ठाऊक असेल देव जाणे. हुबळी-धारवाड हे एका मोठ्या छपराच्या आढ्यावर वसलेलं आहे. कौलारू घराच्या आढ्यावर पाऊस पडला की अर्धं पाणी पुढच्या अंगणात, अर्धं मागच्या परसात. इथेही तसंच. पूर्वेच्या उताराला लागलेला थेंब बेण्णीहळ्ळातून मलप्रभेला, मलप्रभेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेच्या उताराचा थेंब मात्र वेगळ्या वाटेने जातो. धारवाडच्या सोमेश्वर देवळाजवळ शाल्मला नदी उगम पावते, पुढे कलघटगीकडे ती बेडतीला मिळते, यल्लापूरजवळ मागोडला हे पाणी दोन टप्प्यांत जवळजवळ दोनशे मीटर खाली उडी घेतं, आणि मग गंगावळी असं नवं नाव घेऊन अंकोला आणि गोकर्णच्या मधे अरबी समुद्रात शिरतं. ढगातून शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब, एक चेन्नईच्या बाजूच्या समुद्रात, एक कारवारच्या बाजूच्या. सख्खे भाऊ परत कधी भेटायचे नाहीत.

आमची गाडी त्या दुसऱ्या थेंबाच्या मागोमाग निघाली होती. कलघटगी, यल्लापूर, मग अरबैल घाट. घाटात काच खाली केली की हवा बदललेली नाकाला कळते: आधी कोरडी, मग ओली, मग खारट. हुबळी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. ती सगळी उंची उतरल्यावरच समुद्र भेटतो. हा थेंब लक्षात ठेवा हं. तो पुढे एका भानगडीत सापडणार आहे.

मुरुडेश्वरला रात्री मुक्काम केला आणि सकाळी लवकर बोटीवर. "इतक्या सकाळी का?" या प्रश्नाचं उत्तर कोळ्यांना शाळेत न जाताही येतं. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ते मतलई वारे. दुपारी जमीन तापली की उलटं, समुद्राकडून जमिनीकडे, ते खारे वारे. खारे वारे सुटले की लाटा उठतात. म्हणून जायचं ते सकाळी, पाणी शहाण्यासारखं वागत असताना.

शहाण्यासारखं म्हणजे अगदीच शांत नाही. अर्ध्या तासात भाचीचा चेहरा दोडक्यासारखा हिरवा झाला. बोट लागली! यात पोटाचा दोष नसतो, भांडण असतं डोळ्यांचं आणि कानांचं. कानाच्या आत खोल एक तोल सांभाळणारं यंत्र असतं. ते मेंदूला सांगत असतं, "आपण हलतोय, डुलतोय!" डोळे बोटीतल्या फळीकडे पाहून सांगतात, "छे, सगळं जागच्या जागी आहे." मेंदू गोंधळतो आणि उलटीचा हुकूम देतो. उपाय सोपा: बोटीत खाली पाहू नका, लांब क्षितिजाकडे पाहा, म्हणजे डोळे आणि कान एकच गोष्ट सांगायला लागतात. तोंडात आल्याची वडी असेल तर उत्तमच.

क्षितिजाकडे पाहता पाहता तिलाच आधी ते दिसलं. निळ्या पाण्यातून वर आलेला एक हिरवा डोंगर. वाळूचा किनारा नाही, माडांची रांग नाही, सरळ उभे खडक आणि वर झाडी.

मित्राने काठी आपटली. "बेट्ट!" तो ओरडला. "नोडू, बेट्ट!" म्हणजे, बघ, डोंगर!

आणि आता त्या बुटांचा हिशेब. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर कडाक्याचं हिमयुग होतं. कॅनडा आणि उत्तर युरोपवर कित्येक किलोमीटर जाडीचा बर्फ साचला होता. एवढा बर्फ आला कुठून? समुद्रातूनच. समुद्राची वाफ झाली, बर्फ होऊन पडली आणि जमिनीवरच अडकून बसली. त्यामुळे जगभरातला समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेला होता. बारा नव्हे, एकशेवीस! नेत्राणीच्या भोवतीचं पाणी त्याच्या निम्म्याइतकंही खोल नाही. म्हणजे तेव्हा इथे समुद्रच नव्हता. मैदान होतं आणि मैदानात हा एकटा डोंगर उभा. मुरुडेश्वरहून बूट घालून, काठी टेकत, डबा घेऊन चालत येता आलं असतं. मग बर्फ वितळत गेला, समुद्र चढत गेला, मैदान बुडालं, डोंगराच्या मांड्या बुडाल्या, कंबर बुडाली. जे डोकं पाण्यावर राहिलं त्याला आपण बेट म्हणतो.

कारवारच्या समोर दिसणारा कूर्मगड घ्या किंवा गोव्याच्या हद्दीतलं अंजदीव घ्या, किनाऱ्याजवळची ही मंडळी बुडालेली बेट्टंच आहेत. बेट पाण्यावर तरंगतं असं ज्यांना वाटतं (मला चौथीपर्यंत वाटायचं), त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. बेट तरंगत नाही, उभं असतं. पाय खाली जमिनीवर घट्ट रोवून.

"मग मी चढू?" मित्राने विचारलं. नाही. पर्यटकांना नेत्राणीवर उतरवत नाहीत, बोट कड्याच्या आडोशाला थांबते. वर रानटी शेळ्या हिंडतात. एक दिसलीही, कड्याच्या टोकावर, आमच्याकडे तुच्छतेने बघत. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड डोक्यावरून दोन घिरट्या घालून गेला. या बिचाऱ्या बेटावर नौदलाने तोफांच्या नेमबाजीचा सरावही केलेला आहे. मला विचाराल तर नेमबाजीला दुसरा एखादा उघडाबोडका खडक शोधायला हवा होता. का, ते पाण्यात उतरल्यावर कळतं.

चला तर, पाण्यात.

साध्या डोळ्यांनी पाण्याखाली पाहिलं तर सगळं धूसर दिसतं. आपल्या डोळ्याला समोर हवा लागते, प्रकाश हवेतून डोळ्यात शिरताना वळतो तेव्हाच चित्र नीट जुळतं. म्हणून मास्क. मास्क म्हणजे डोळ्यांसमोर धरलेला हवेचा छोटासा डबा. पण त्यातही एक फसवणूक आहे: चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर आहेसा वाटतो आणि आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. मासे पकडणाऱ्यांच्या गप्पांतला मासा दरवर्षी का वाढतो, त्याचं निम्मं कारण हे असावं.

पाठीवर असते ती टाकी. तिला सगळे ऑक्सिजनचं सिलिंडर म्हणतात आणि सगळे चुकतात. त्यात साधी हवा असते, तुम्ही आत्ता घेताय तीच, फक्त गाळलेली आणि ठासून भरलेली. बारा लिटरच्या टाकीत दोनशेपट दाबाने हवा भरली की ती होते साधारण २,४०० लिटर. गणपतीत पुण्याला जाणारी एसटी आठवा, तसं.

दोघंही अकरा वर्षांचे, त्यामुळे चाललं. दहा वर्षांखालच्या मुलांना टाकी लावून उतरवत नाहीत, त्यांनी वर तरंगत नळीने श्वास घेत खाली बघायचं. तेही काही कमी नाही. पोहता येत नसलं तरी चालतं, कारण प्रत्येकाला एकेक प्रशिक्षक धरून नेतो. उतरायच्या आधी त्याने तीन गोष्टी बजावल्या. पहिली: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तिथे भरलेला फुगा वर आणला तर दुप्पट फुगतो. छातीतल्या हवेचंही तेच, म्हणून ती सतत आत-बाहेर होत राहिली पाहिजे. दुसरी: कान दडपले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं.

तिसरी गोष्ट होती हातांच्या खुणांची, आणि तिथेच आमच्या शूरवीराचा घोटाळा झाला. खाली गेल्यावर दोन मिनिटांत त्याला इतका आनंद झाला की त्याने प्रशिक्षकाला अंगठा वर करून दाखवला, म्हणजे "लई भारी!" प्रशिक्षकाने मान डोलावली आणि त्याला थेट वर आणून सोडलं. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ एकच: मला वर न्या! "सगळं छान" सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा असतो. तो दुसऱ्यांदा खाली गेला तेव्हा दोन्ही हातांनी गोल करूनच गेला.

खाली पहिली गोष्ट जाणवते ती आवाज. समुद्राखाली शांतता असते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात मिर्ची भजी तळत असतात ना, तसला तडतड, चुर्र आवाज चारी बाजूंनी येतो. ही करामत बोटाएवढ्या कोळंबीची. तिचा एक पंजा मोठा असतो, तो ती इतक्या झटक्याने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि टिचकी वाजते. अशा शेकडो टिचक्या. आणि आवाज कुठून येतोय ते कळतच नाही, कारण पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो. दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो, मग मेंदू दिशा ठरवणार कशी?

भाचीच्या मनगटावर देवळातला लाल दोरा होता. आठेक मीटर खाली गेल्यावर तिने सहज पाहिलं तर दोरा लाल नव्हताच, मळकट तपकिरी. वर आल्यावर पुन्हा लाल! पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यांत आधी गिळून टाकतं, निळा सगळ्यांत शेवटी. खाली लाल उजेडच पोचत नाही, मग दोरा लाल दिसणार कसा?

आणि आता प्रवाळ. कड्याच्या पाण्याखालच्या भागावर कुठे मेंदूसारखे गोळे, कुठे पसरट थाळ्या, कुठे हरणाच्या शिंगांसारखं काहीतरी. दिसायला दगड किंवा झाड, पण असतात प्राणी. एकेक प्राणी भाताच्या शिताएवढा, स्वतःभोवती चुन्याची भिंत बांधून राहणारा. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि भाडं म्हणून घरमालकाला देतं. ऊन नाही तर अन्न नाही, अन्न नाही तर प्रवाळ नाही. पाणी फार तापलं तर भाडेकरूंना हाकललं जातं, प्रवाळ पांढरेफटक पडतात आणि फार दिवस तसेच राहिले तर मरतात.

इथे आपला थेंब आठवा. पावसाळ्यात तो एकटा येत नाही, वाटेतली माती घेऊन येतो. शेताची, रस्त्याची, कापलेल्या डोंगराची. गंगावळी, अघनाशिनी, शरावती, सगळ्या नद्या आपापला गाळ किनाऱ्याला ओततात. गढूळ पाण्यात ऊन खाली पोचत नाही, आणि गाळ प्रवाळांच्या तोंडावर बसतो तो वेगळाच. बोटीतून येताना आम्ही पाण्याचा रंग पाहत आलो होतो: किनाऱ्याला मातकट, मग हिरवा, मग एकदम निळा. नेत्राणीला प्रवाळ आहेत याचं मोठं कारण हेच, की ते नद्यांच्या मुखांपासून पुरेसं लांब आहे.

घरी करून बघा. काचेचे दोन पेले पाण्याने भरा, एकात चमचाभर अंगणातली माती ढवळा. अंधारात दोन्हींच्या मागे टॉर्च धरा. कुठल्या पेल्यामागे राहायला तुम्हाला आवडेल, हे प्रवाळाच्या बाजूने ठरवा.

तेवढ्यात कुरूम, कुरूम असा आवाज आला. कच्ची पापडी खाल्ल्यासारखा. हिरव्या-निळ्या रंगाचा एक पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक ओरबाडत होता. तो खडकावरचं शेवाळ खातो, सोबत प्रवाळाचा चुनाही पोटात जातो, घशातल्या दुसऱ्या दातांनी त्याचं पीठ होतं आणि मागून ते बाहेर पडतं. बारीक, पांढरी वाळू होऊन! आमच्या डोळ्यांसमोर त्याने एक धुरळा सोडला आणि ऐटीत निघून गेला. मोठ्या जातीचा एक पोपटमासा वर्षात शेकडो किलो वाळू काढतो. मालदीवच्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यांवर नवरा-नवरी फोटो काढतात ना, त्यातली पुष्कळशी वाळू म्हणजे माशांची शी आहे. ही माहिती कुणाच्या लग्नाच्या अल्बमवर बोट ठेवून सांगू नका. मी सांगितली होती.

परतीच्या बोटीत मित्राने नवा प्रश्न काढला: "सगळीच बेटं बुडालेली बेट्टं का?" लक्षद्वीपचं काय? ३६ बेटांचा तो पुंजका, सगळी सपाट, वाळूची, समुद्रापेक्षा जेमतेम दोन-चार मीटर उंच. तिथे डोंगर कुठेय?

आहे. खाली आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखी होते. ते हळूहळू समुद्रात खचत गेले, आणि त्यांच्या काठाला चिकटलेले प्रवाळ उजेडासाठी वर वर बांधत राहिले. जुने मेले की त्यांच्या चुन्यावर नवे. डोंगर दिसेनासा झाला, पण त्याच्या भोवतीचं कडं तेवढं पाण्याच्या पातळीला टिकून राहिलं. म्हणून तिथे मधे निळं सरोवर आणि भोवती बांगडीसारखी बेटं. हे कोडं १८४२ साली चार्ल्स डार्विनने पुस्तक लिहून सोडवलं होतं. आणि त्या ज्वालामुखींना ज्या पाताळातल्या भट्टीने पेटवलं, तिनेच त्याआधी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्राचा काळा कातळ ओतला. रायगड, राजगड, अजिंठा, सगळा तिचाच माल. भारत उत्तरेकडे सरकत राहिला, भट्टी जागच्या जागीच राहिली, आणि सरकत्या तव्यावर एकेक पोळी पडावी तशी बेटं पडत गेली. आज ती भट्टी हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे.

उडुपीजवळ मालपेच्या समोरची सेंट मेरी बेटं याहूनही म्हातारी, साडेआठ-नऊ कोटी वर्षांची, मादागास्कर भारतापासून तुटून निघालं त्या वेळच्या लाव्हाची. तिथे दगडांचे पाच-सहा बाजूंचे खांब रचून ठेवल्यासारखे उभे आहेत. गवंडी कुणी नाही. लाव्हा निवताना आकसला आणि तडकला, नवलगुंदकडची काळी रानं उन्हाळ्यात भेगाळतात तसाच. त्या बेटांवर मात्र बोट उतरवते. मित्राचे बूट पुढच्या खेपेला तिथे कामाला येतील.

जाणार असाल तर ऑक्टोबर ते मे या काळात जा, पावसाळ्यात बोटी बंद असतात. लाइफ जॅकेटची पट्टी बोट सुटायच्या आधी आवळा, फोटोपुरती नव्हे. प्रवाळाला हात लावू नका.

आणि एक काम आत्ताच, या पावसाळ्यात. जोराची सर आली की छत्री घेऊन दाराबाहेर उभे राहा आणि तुमच्या घरासमोरचं पाणी कुठल्या गटारात, त्या गटाराचं कुठल्या नाल्यात, त्या नाल्याचं कुठल्या नदीत जातं, ते नकाशा समोर ठेवून शोधा. विद्यानगरचे असाल, सोलापूरचे असाल किंवा सावंतवाडीचे. तुमचं पाणी कुठल्या समुद्राला मिळतं ते आम्हाला पोस्टकार्डावर कळवा.